पान्हा

रिजेक्शन शून्य.
उद्यमनगरात तीन महिने ज्या लॉटनं माझी झोप खाल्ली
तो सोमवारी पास झाला.
शेठनी पेढे वाटले, पाकीट दिलं, पाठीवर थाप.
मी म्हणालो, "सुटलो."

घरी विजयमालानं पाकीट देवापुढं ठेवलं
आणि माझ्याकडं बघितलं.
"हस की जरा."
हसलो.
त्या हसण्याला गेज लावून बघितलं असतं
तर नो-गोची बाजू सरळ आत गेली असती.

मिळालं आणि सुटलो
हे दोन शब्द माझ्या डोक्यात एकाच खणात पडतात.
कधीपासून, आठवत नाही.
दहावीचा निकाल, हळद, लेकीचं पहिलं रडणं,
प्रत्येक वेळी आधी हेच:
चला, वाईट काही झालं नाही.
आणि त्याच्या मागून जे यायला हवं होतं
त्याची वाट बघेपर्यंत
पुढचं वाईट दिसायला लागायचं.

डॉ. मगदूम राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर बसतात.
चिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी मेंदू काढला,
फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा.
इथं भीती राहते, म्हणाले, आणि इथं गोडी.
मधली भिंत एकच.
गोडी संपलेली नाही हो तुमची,
पण शेजारीण रात्रभर भांडी आपटते
म्हणून ती दार उघडत नाही.
मी विचारलं, रिपोर्टमध्ये दिसेल?
नाही, म्हणाले.
मी घरी तेवढंच घेऊन आलो.

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही.
मेहुण्याची वास्तुशांत होती.
इस्त्रीचा शर्ट, नवी चप्पल, जिन्यापर्यंत गेलो
आणि फिरलो. पोट बिघडलंय म्हणालो.
कॉटवर पडलो तेव्हा, तेव्हा मात्र
छातीत काहीतरी कोमट उतरलं.
खरं सुख. कितीतरी दिवसांतलं पहिलं.
न जाण्याचं बक्षीस.
पुढच्या कार्याला मी चप्पलसुद्धा घातली नाही.

काल संध्याकाळी गंगावेशीत गेलो.
तिथं म्हशी येतात, समोर धार काढून
फेसासकट ग्लास हातात देतात.
म्हाकव्यांच्या मोरीखाली चरवी लागली
तेवढ्यात कुणाच्या तरी बुलेटचा बार उडाला.
मोरीचे कान ताठ. धार बंद.
कास टम्म, सड कोरडे.

"आटली?"
"छ्या! दूध हाय की. आत हाय सगळं.
भ्यालीया ती. पान्हा चोरतीया."
"कुणापासनं?"
खुळ्याकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं.
"तिला तरी कुठं ठावं."

मागचा एकजण म्हणाला, द्या एक रट्टा.
"मारून दूध? उद्याचंबी जाईल."
चरवी बाजूला ठेवून म्हाकवे
तिच्या मानेखाली खाजवत उभे राहिले,
गिऱ्हाईकच नसल्यासारखे.
रांग लांबली. दोघं-तिघं वैतागून गेले.
रांगेत मला घाम फुटतो.
तरी का थांबलो, माहीत नाही.

मोरीनं कितीतरी वेळानं मोठा सुस्कारा सोडला,
शेण टाकलं, शेपटी हलवली,
आणि चरवीत पहिली धार वाजली,
आधी पत्र्यावर बारीक, मग फेसात मुकी.

माझ्या वाट्याला अर्धा ग्लास आला.
गरम. थोडा वैरणीचा वास, थोडा तिच्या अंगाचा.
मिशीला फेस लागला, पुसला नाही.
किती वेळ तसा उभा होतो
सांगता येणार नाही, घड्याळ बघितलं नव्हतं.

मग आठवलं:
गाडीला कुलूप लावलं होतं का?